कुष्ठरुग्णाला मिळालं ते पाकीट बीपी-शुगरवाल्याला काहून नाही?

मंडळी, आज एक काम करा. घरात साठी ओलांडलेलं कोणी असेल तर त्यांची औषधाची पिशवी पलंगावर उलटी करा अन् काय काय निघते ते पाहा.

कात्रीनं कापलेल्या पट्ट्या निघतील. कापताना एखादीवरचं नाव गेलेलं, एखादीवरची तारीख गेलेली. एकाच औषधाच्या दोन वेगळ्या कंपन्यांच्या गोळ्या निघतील, कारण एक अकोल्याच्या डॉक्टरनं लिहून दिली अन् दुसरी अमरावतीच्या. मागच्या दिवाळीत बंद केलेली, पण पैसे मोजले म्हणून फेकायला हात न झालेली एक पट्टी निघेल. अन् मेडिकलवाल्यानं पाकिटावर बॉलपेननं मारलेल्या तीन रेघा दिसतील. सकाळ, दुपार, रात्र. त्यातली एखादी घामानं पुसलेली.

आपल्या तालुक्यातले बीपी, शुगर, थायरॉईड, हृदय, किडनीचे पेशंट या पिशवीच्या भरवशावर जगून रायले. "मी तं सकायची गोयी घेतली का नाई, मलेच आठवत नाई," हे वाक्य कुरुम, माना, हातगाव, लाखपुरी, कोणत्याही गावच्या ओसरीवर ऐकायला मिळते. पोरगं-सून पुण्याला. ते फोनवर विचारतात, "आई, गोळ्या घेतल्या का?" आई म्हणते, "घेतल्या." विषय संपला.

हा काही फक्त आपल्याकडच्या अडाणीपणाचा मामला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००३ च्या अहवालात सांगितलं होतं की विकसित देशांतसुद्धा दीर्घ आजाराचे सरासरी निम्मेच रुग्ण औषध सांगितल्याप्रमाणे घेतात. आपल्यासारख्या देशांत त्याहून कमी. याच संघटनेनं २०१७ मध्ये औषधांच्या चुकांपासून होणारी इजा कमी करायची जागतिक मोहीम हाती घेतली. म्हणजे गोळी शोधून झाली, कारखान्यात बनून झाली, दुकानापर्यंत आली. पण दुकानाच्या काउंटरपासून माणसाच्या तोंडापर्यंतचा शेवटचा टप्पा अजून कच्चाच आहे.

या शेवटच्या टप्प्यावर जगात एक उपाय निघालेला आहे. प्रत्येक रुग्णाच्या गोळ्या त्याच्या वेळेनुसार मशीननं बांधून द्यायच्या. किराणा दुकानात शाम्पूच्या पुड्यांची माळ लटकलेली असते ना, तशीच औषधाच्या पुड्यांची माळ. पहिल्या पुडीवर तुमचं नाव, "सोमवार, सकाळ ८", आत त्या वेळेच्या चारही गोळ्या. ती फाडली, घेतली. पुढची पुडी रात्रीची. पुडी माळेला तशीच असेल तर गोळी राहिली, हे घरातल्या कोणालाही दिसते.

मशीन म्हणजे एक मोठं कपाट असते. आत शेकडो डबे, एका डब्यात एकाच प्रकारची गोळी. डब्याच्या तळाशी त्या गोळीच्या मापाची खाच असलेली चकती. ती फिरली की एक गोळी खाली पडते. पण मशीनले अक्कल नसते. कोणत्या रुग्णाच्या कोणत्या वेळेच्या पुडीत कोणत्या डब्यातून किती गोळ्या पडायच्या, हे सॉफ्टवेअर ठरवते. पुडीवरचा मजकूर तेच छापते, पुडी बंद झाल्यावर कॅमेऱ्यानं गोळ्या मोजून ताळा तेच लावते. जपान अन् कोरियात अशी मशीनं कित्येक वर्षांपासून बनतात, युरोपात नेदरलँड्ससारख्या देशात अशा माळा घरोघरी जातात.

अमेरिकेत टी. जे. पार्कर नावाचा एक तरुण फार्मासिस्ट होता. बापाचं औषधाचं दुकान, त्यामुळं लहानपणापासून काउंटर पाहिलेला. त्यानं २०१३ मध्ये एका साथीदारासोबत पिलपॅक नावाची कंपनी काढली. पुड्या बांधायचं मशीन काही त्यांनी शोधलं नव्हतं. त्यांनी जीव लावला तो सॉफ्टवेअरला. डॉक्टरची चिठ्ठी, विमा, पुढच्या महिन्याचा साठा, गोळ्यांच्या वेळा, सगळं एका ठिकाणी बांधलं. पाच वर्षांत, २०१८ मध्ये, ॲमेझॉननं ती कंपनी विकत घेतली. एका मेडिकलवाल्याच्या पोराची गोष्ट आहे ही, म्हणून मुद्दाम सांगितली.

आता कोणी म्हणेल, "भाऊ, हे अमेरिकेचं कौतुक मूर्तिजापुरात काहून सांगून रायले?"

सांगतो. कारण रुग्णाच्या हिशेबानं औषध बांधून देणं हे आपल्या देशानं फार आधी करून दाखवलेलं आहे. तेही सगळ्यात गरीब रुग्णांसाठी, अन् फुकट.

कुष्ठरोगाची आठवण करा. अमरावतीचं तपोवन, वरोऱ्याचं आनंदवन, ही नावं वऱ्हाड-विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटानं कुष्ठरोगावर एकाऐवजी दोन-तीन औषधं एकत्र द्यायची पद्धत सुचवली. इथं मोठी अडचण होती. एक औषध महिन्यातून एकदाच, दुसरं रोज, तिसरं महिन्यातून एकदा जास्त अन् रोज थोडं. हे निरक्षर माणसानं लक्षात ठेवायचं कसं? उत्तर निघालं ते पाकिटाच्या रूपात. २८ दिवसांचं एक पान. वरच्या भागात आरोग्य कर्मचाऱ्यासमोर घ्यायचा महिन्याचा डोस, खाली रोजच्या गोळ्या, कॅलेंडरासारख्या ओळीनं. मोठ्यांचं वेगळं, लहान मुलांचं वेगळं. आजाराच्या प्रकारानुसार रंग वेगळा. वाचता येवो न येवो, पुढची गोळी कोणती ते बोटानं कळत होतं. २००५ च्या अखेरीस देशातलं कुष्ठरोगाचं प्रमाण दर दहा हजारी एकाच्या खाली आलं. त्याचं श्रेय औषधांना अन् गावोगाव फिरलेल्या कर्मचाऱ्यांना आहेच. पण त्या साध्या पानालाही त्यात वाटा आहे.

नंतर क्षयरोग. डॉट्सच्या काळात एका रुग्णाच्या पूर्ण उपचाराची एक पेटी असायची. नव्या रुग्णाची लाल, पुन्हा उपचार घेणाऱ्याची निळी. पेटीवर त्याचं नाव पडलं की ती त्याचीच. मधातच साठा संपला म्हणून उपचार तुटायला नको, हा त्यामागचा विचार. पुढं रोजच्या गोळ्या आल्या तेव्हा त्या वजनाच्या गटानुसार ठरल्या. म्हणजे "ज्याच्या त्याच्या हिशेबाचं औषध" हा शब्द फॅशनमध्ये यायच्या आधीपासून आपल्या आरोग्य केंद्रात ते काम चालू होतं.

मग माझा सवाल सरळ आहे. बीपी-शुगरचा रुग्ण आयुष्यभर गोळ्या घेणार, एक नाही, पाच-सात घेणार. त्याच्या नशिबी मात्र कात्रीनं कापलेली पट्टी अन् पुसलेली रेघ. काहून?

सरकारकडे सॉफ्टवेअर नाही असं नाही. सी-डॅकनं बनवलेली ई-औषधी प्रणाली आपल्या राज्यात वापरात आहे. कोणत्या भांडारात कोणती गोळी किती शिल्लक आहे, मुदत कधी संपते, हे ती सांगते. पण लाखपुरीच्या आजीनं कोणती गोळी किती वाजता घ्यायची, हे तिला ठाऊक नाही. डब्यांचा हिशेब आहे, माणसाचा नाही. त्यातच १५ ऑगस्ट २०२३ पासून सरकारी आरोग्य संस्थांमधले उपचार राज्यानं मोफत केले. औषध फुकट मिळते ही मोठी गोष्ट आहे. पण फुकट मिळालेलं औषध चुकीच्या वेळी घेतलं, की दोनदा घेतलं, तर त्याचा उपयोग काय?

आता बाहेरचं मशीन जसंच्या तसं आणून अकोल्यात बसवलं की झालं, असं मात्र नाही. मला वाटते खरा विचार इथं लागतो.

पहिली गोष्ट पट्टीची. अमेरिकेत दुकानात गोळ्या मोठ्या बाटल्यांत सुट्या येतात, शंभर, पाचशे, हजार. तिथं त्या डब्यात ओतल्या की मशीन चालू. आपल्याकडे जवळपास सगळं पट्टीत येते. म्हणजे आधी पट्ट्या फोडा, मग डब्यात भरा, मग परत पुडीत बांधा. यात खर्च तर आहेच, पण फॉइलमधून बाहेर काढल्यावर गोळीला हवा लागते, ओल लागते. फिटची काही औषधं ओलीनं खराब होतात. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची गोळी मूळ पॅकिंगमध्येच ठेवायला सांगतात. त्यात आपला मे महिना. पट्टीवर लिहिलेलं असते, ३० अंशांखाली ठेवा. अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो. टिनाच्या घरात त्या पुडीचं काय होईल?

म्हणून माझ्या मते आपल्याले आधी मशीन नको, सॉफ्टवेअर पाहिजे. गोळी फॉइलमध्येच ठेवा. पट्टीचा एक-एक घर कापा, सकाळचे घर सकाळच्या पाकिटात, रात्रीचे रात्रीच्या. हात फार्मासिस्टचे, हिशेब सॉफ्टवेअरचा, छपाई साध्या लेबल प्रिंटरची. पट्टी कापली की तिच्यावरची माहिती जाते, ही अडचण इथंच सुटते. १ ऑगस्ट २०२३ पासून देशातल्या ३०० मोठ्या ब्रँडांवर क्यूआर कोड छापणं बंधनकारक झालं. कापायच्या आधी तो स्कॅन करा. औषधाचं नाव, बॅच, मुदत पाकिटाच्या लेबलवर येईल. बाकी ब्रँडांचं हातानं टाका. हे रॉकेट सोडण्याचं काम नाही.

दुसरी गोष्ट भाषेची अन् वाचण्याची. पाकिटावर मराठी पाहिजे, अन् धड मराठी पाहिजे. स्वस्त प्रिंटरवर देवनागरीची काय दशा होते ते आपण बिलांवर पाहतोच. वेलांटी एकीकडे, अक्षर दुसरीकडे, जोडाक्षर फुटलेलं. दोन अन् दहा यात गोंधळ झाला तर ते बिल नाही, औषध आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य, चंद्र. कुष्ठरोगाच्या पानानं चाळीस वर्षांपूर्वी रंग वापरले, आपण चित्र वापरू.

तिसरी गोष्ट आपल्या दिवसाची. बाहेरच्या सॉफ्टवेअरमध्ये नाश्ता, लंच, डिनर असते. आपल्याकडे कापूस वेचायला निघालेली बाई सकाळी भाकर बांधून जाते ते दिवस मावळताना येते. तिची दुपारची गोळी घरच्या फळीवर राहते. पाकीट वेगळं असेल तर ते भाकरीच्या फडक्यात जाईल. शिवाय उपास. एकादशी, श्रावण सोमवार, नवरात्र, अन् आपल्या मुसलमान भावांचे रमजानचे रोजे. शुगर खाली आणणारी काही औषधं उपाशीपोटी नेहमीच्याच डोसनं घेतली तर माणूस चक्कर येऊन पडतो, जीवावरही बेतते. सॉफ्टवेअरनं महिन्याचं पाकीट बांधताना विचारलं पाहिजे, "या महिन्यात उपास आहे का?" असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय पुढं जायचं नाही. हा प्रश्न परदेशातल्या इंजिनिअरला कसा सुचेल? तो आपल्याच पोट्ट्यांना सुचणार.

चौथी गोष्ट, अन् सगळ्यात महत्त्वाची, पिशवीतले छुपे धोके. एकच औषध दोन नावांनी चालू आहे का? संधिवाताची एक गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज घेतली तर विषासमान. ती रोजच्या पाकिटात तर नाही ना? थायरॉईडची गोळी अन् कॅल्शियम यात चार तासांचं अंतर आहे का? आपल्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात किडनीच्या तक्रारी वर्षानुवर्षं ऐकू येतात. किडनी कमजोर झाली की शुगरच्या नेहमीच्या गोळीचाही डोस कमी करावा लागतो, कधी ती बंदच करावी लागते. चिठ्ठी दोन वर्षांपूर्वीची अन् क्रिएटिनिनचा रिपोर्ट मागच्या महिन्याचा, हे दोन्ही एकत्र कोण पाहते? आज कोणीच नाही. मूर्तिजापूरचा डॉक्टर बीपी पाहतो, अकोल्याचा हृदय, नागपूरचा किडनी. पूर्ण पिशवी पाहणारा कोणी नाही. सॉफ्टवेअरचा खरा उपयोग पुडी बांधण्यात नाही, ही पूर्ण पिशवी एका नजरेत आणण्यात आहे.

आता दुसरी बाजू. मशीनवर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही. हातानं बांधताना चूक झाली तर एका घरात होते. मशीनच्या डब्यात चुकीची गोळी भरली गेली तर तीच चूक शंभर घरांत जाते, अन् तीही सुबक छापलेल्या लेबलसकट. छापील वस्तूवर माणूस लवकर विश्वास ठेवतो. म्हणून शेवटची सही माणसाची पाहिजे. १९४८ च्या फार्मसी कायद्यानं चिठ्ठीवरचं औषध द्यायचा अधिकार नोंदणीकृत फार्मासिस्टलाच दिलेला आहे. २०१५ च्या नियमांनी रुग्णाला समजावून सांगणं हे त्याचं काम ठरवलं. पण कित्येक दुकानांत भिंतीवर प्रमाणपत्र एकाचं अन् काउंटरवर उभा दुसराच, हे आपण सगळे जाणतो. प्रमाणपत्र भाड्यानं देणं जोवर चालू आहे तोवर कितीही भारी सॉफ्टवेअर आणा, त्याचा पासवर्डही भाड्यानंच जाईल.

क्षयरोगाच्या कार्यक्रमानंही आपल्याले एक धडा दिलेला आहे. नव्याण्णव डॉट्स नावाची युक्ती होती, बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट संशोधन केंद्रातून निघालेली. गोळी काढली की तिच्यामागं लपलेला फोन नंबर दिसायचा, त्यावर रुग्णानं फुकटचा कॉल करायचा. कॉल आला म्हणजे गोळी घेतली. कल्पना भन्नाट. पण अभ्यास झाले तेव्हा दिसलं की हिशेब इतका सरळ नाही. काहींनी गोळी घेतली, कॉल केला नाही. काहींनी कॉल केला, गोळी घेतली नाही. म्हणजे यंत्र खुणावू शकते, पण दारात जाऊन विचारणारी आशाताई लागतेच.

अन् माहितीचं काय? कोणाले कोणता आजार, हे गावात पसरायला वेळ लागत नाही. मनाच्या आजाराची गोळी चालू आहे, एचआयव्हीची चालू आहे, हे पाकिटावरच्या लेबलवरून शेजाऱ्याला कळलं तर? २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. या कामाची माहिती कोणा औषध कंपनीला विकली जाणार नाही, हे पहिल्याच पानावर लिहून घेतलं पाहिजे.

मेडिकलवाल्या भावांनो, हे तुमच्या पोटावर पाय देणारं आहे असं समजू नका. २०१८ च्या सप्टेंबरात ऑनलाइन औषधविक्रीच्या विरोधात तुमच्या देशभरातल्या संघटनेनं बंद पाळला होता. तुमची भीती खोटी नव्हती. पण सवलतीच्या लढाईत मोठ्या कंपनीपुढं छोटं दुकान किती दिवस टिकणार? तुमच्याजवळ जे आहे ते त्यांच्याजवळ नाही. तुम्ही गिऱ्हाईकाला नावानं ओळखता, त्याच्या घरी कोण वाचू शकते ते तुम्हाला माहीत आहे. महिन्याचं पाकीट बांधून देणारं दुकान सोडून पेशंट दोन टक्के जास्त सवलतीसाठी दुसरीकडे जाणार नाही.

मग सुरुवात कुठून? माझी मागणी लहान आहे. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम २०१७ च्या अखेरीस सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातल्या पहिल्या जिल्ह्यांत आपल्या विदर्भातले वर्धा अन् भंडारा होते. त्यात ठरावीक दोन-तीन औषधं टप्प्याटप्प्यानं द्यायची पद्धत आहे. औषधं मोजकी, वेळा मोजक्या. पाकीट बांधायला यापेक्षा सोपं काय? आपल्या उपजिल्हा रुग्णालयात बीपी-शुगरची औषधं नेणाऱ्यांपैकी पन्नास जण घ्या. तीन महिने त्यांना नावाचं, वेळेचं, मराठी लेबलचं पाकीट द्या. दुसऱ्या पन्नास जणांना नेहमीसारखंच. तीन महिन्यांनी दोन्हीकडच्या शिल्लक गोळ्या मोजा, बीपी मोजा, शुगर मोजा. फरक पडला तर वाढवा, नाही पडला तर बंद करा. पैसा जिल्हा नियोजन समितीकडे आहे. फार्मसी अन् इंजिनिअरिंग कॉलेजं अकोला-अमरावतीत आहेत. दरवर्षी शेवटच्या वर्षाची पोरं कुठून तरी उतरवलेले प्रोजेक्ट जमा करतात. त्यांच्यातल्या दहा जणांना हे खरं काम द्या.

अन् पुण्या-बंगळुरूत बसलेल्या आपल्या पोरांनो, तुमच्यातले कित्येक जण परदेशातल्या दवाखान्यांची सॉफ्टवेअरं लिहून रायले. एक शनिवार-रविवार इकडच्या काउंटरवर उभे राहून पाहा. चिठ्ठी कशी येते, पट्टी कशी कापतात, म्हातारं माणूस काय विचारते अन् त्याला काय उत्तर मिळते. नुसता आईला फोन करून "गोळ्या घेतल्या का" विचारण्यापेक्षा ते जास्त कामाचं होईल.

ही पोस्ट तुमच्या ओळखीच्या फार्मासिस्टपर्यंत, डॉक्टरपर्यंत अन् जिल्हा परिषदेत बसणाऱ्यापर्यंत पोचवा. कोणाला यात चूक दिसली, अडचण दिसली, तर तेही मोकळेपणानं लिहा. पन्नास रुग्ण अन् तीन महिने, याहून जास्त काही मागत नाही.